फडताळातलं चित्र

धाराशिवला भाचीने नवं घर घेतलं. वास्तुशांतीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर पुरुषमंडळी हॉलमध्ये येऊन टेकली आणि थोड्याच वेळात त्यांच्या माना इकडेतिकडे फिरू लागल्या. भारताची मॅच चालू होती. समोर उभ्या लाकडी पट्ट्यांची अख्खी भिंत होती, तिच्या एका बाजूला वारलीची तसबीर होती आणि टीव्ही कुठेच दिसत नव्हता. शेवटी तिच्या चुलत सासऱ्यांनी विचारलंच, "टीव्ही आणायचा राहिलाय का अजून?" जावईबापू उठले, दोन पट्ट्यांच्या सांदीत बोटं घातली आणि अर्धी भिंत बाजूला सरकवली. मागे टीव्ही होता. मॅच बाजूला राहिली आणि चर्चा त्या भिंतीचीच सुरू झाली. मिस्त्री कुठला, प्लाय कुठलं, खाली रूळ आहे की वरून टांगलंय, चौरस फुटाला काय भाव पडला. एकेक जण उठून ती भिंत सरकवून बघत होता.

मी भाचीला विचारलं, झाकलास का गं? ती म्हणाली, "मावशी, चालू टीव्हीचं काही नाही गं. बंद असला की मला बघवत नाही. एवढा मोठा काळा चौकोन, आणि त्यात आपणच इकडून तिकडे फिरताना दिसतो."

सगळ्यांना त्या सरकत्या भिंतीचं नवल वाटत होतं, मला आजोळ आठवत होतं. अणदूरला मामांच्या घरी टीव्ही आला तो रामायणासाठी. मालिका 1987 च्या जानेवारीत सुरू झाली होती, आणि शेजारच्या घरी ओसरीवर दाटीवाटीने बसून बघण्याचा आजीला उन्हाळ्यापर्यंत कंटाळा आला. मग मामांनी सोलापुरातून टीव्ही आणला. तो आला आणि थेट भिंतीत गेला.

घर माळवदाचं होतं. ज्यांनी तसली घरं आतून पाहिली नाहीत त्यांना त्या भिंतींची कल्पना यायची नाही. दगड आणि माती, दोन-अडीच फूट जाडी, कुठे त्याहूनही जास्त. वर सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात बाहेर भाजून निघत असताना माजघरात गारवा असायचा. पण त्या भिंतीचा खरा उपयोग मला वेगळाच वाटायचा. घरातल्या वस्तूंना राहायला ती जागा द्यायची. दिव्यासाठी देवळी, तांब्या-भांड्यासाठी कोनाडा, धान्याला भिंतीतच बांधलेलं बळद, आणि जे झाकून ठेवायचं त्याला फडताळ. खुंटी सोडली तर भिंतीच्या बाहेर काहीच आलेलं नसायचं. खोल्या मोकळ्या आणि भिंती भरलेल्या, अशी ती घरं होती.

माजघरातल्या मोठ्या फडताळात आजोबांच्या वहीखात्याच्या चोपड्या होत्या. त्या वरच्या फळीवर गेल्या आणि खालच्या खणात टीव्ही बसला. तो असा बसला, जसं काही फडताळ त्याच्यासाठीच ठेवलं होतं, आणि त्यामागे साधं कारण होतं. तेव्हाचा टीव्ही पुढून जेवढा रुंद, जवळजवळ तेवढाच मागे खोल असे. काचेच्या नळीच्या निमुळत्या मानेतून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो, तो पडद्याच्या कडेपर्यंत वळायचा तर मागे अंतर लागतं. म्हणून त्या टीव्हीच्या पाठीला मोठा फुगवटा. शहरात विटेच्या भिंतींपुढे तो फुगवटा खोलीची जागा खात बसायचा. अणदूरच्या भिंतीने तो पोटात घेतला.

अडचण उष्णतेची होती. दार लावलं तर टीव्ही तापणार, असं दुकानदाराने बजावलं होतं. गावातल्या सुतारमामांनी त्यावर उपाय काढला. फडताळाच्या दोन्ही पल्ल्यांना त्यांनी गिरमिटाने भोकं पाडली, आणि पाडायचीच आहेत तर नीट पाडू म्हणून ती ठिपक्यांच्या रांगोळीसारखी मांडली, मध्ये कमळ आणि चार कोपऱ्यांत चार स्वस्तिकं. वायर जायला मागच्या कोपऱ्यात एक भोक, तिथून वायर वर माळवदावर अँटेनाकडे. दार उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास यायचा, मग जुन्या कागदाचा, आणि टीव्ही चालू होऊन थोडा वेळ गेला की तापलेल्या धुळीचा. बंद केला की पडद्यावरचं चित्र आत आत आकसत एका पांढऱ्या ठिपक्यावर येऊन थांबायचं. तो ठिपका विझेपर्यंत आम्ही पोरं हलायचो नाही. पडद्याजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहायचे, तेही रोज करून बघायचो. मग आजी पल्ले लोटायची, कोयंड्यात कडी अडकवायची, आणि माजघर पुन्हा माजघर व्हायचं.

हा शेवटचा भाग मला आता फार मोलाचा वाटतो. रविवारी सकाळी साडेनऊच्या आधी त्या पल्ल्यांना हळदीकुंकू लागायचं, गल्लीतल्या बायका चपला दारातल्या ढेळजेत काढून आत यायच्या, लाईट गेली तर मामा ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. भाग संपला, बायका उठल्या, कडी लागली. त्यानंतर त्याच जागी आजी शेंगा फोडायला बसायची. तिची पाठ त्या फडताळाला असायची. आत टीव्ही आहे याची त्या खोलीला आठवणही राहायची नाही.

ज्यांच्या घराला एवढ्या जाड भिंती नव्हत्या त्यांच्यासाठी कारखान्यातूनच दारं येत होती. चार पायांच्या लाकडी खोक्यात टीव्ही आणि पुढे पट्ट्यापट्ट्यांचं सरकतं शटर, त्याला बारीकशी किल्ली. औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, त्यामुळे मराठवाड्यात तर टीव्ही घरचाच झाला होता. पुढे शटर गेलं, प्लास्टिकचं खोकं आलं, तरी झाकण्याची सवय काही गेली नाही. बायकांनी कव्हरं शिवली, कडेला पायपिंग लावलं, मध्ये मोर भरले. कुणाच्या टीव्हीवर जुन्या खणाचं कापड असे, कुणाच्या टीव्हीवर दुमडलेली सोलापुरी चादर. तेव्हा याला घरसजावट म्हणायची पद्धत नव्हती. धूळ बसू नये, पोरांनी खटके फिरवू नयेत, अशी कारणं सांगितली जात आणि ती खरीही होती. पण शिलाई मशीन, मिक्सर, रेडिओ यांच्यावरच्या कव्हराला मोर भरत बसलेलं मी तरी कुणाला पाहिलं नाही. टीव्ही झाकताना हात जरा वेगळा चालायचा.

असं का, याचा विचार करताना मला घरातल्या दुसऱ्या दाखवणाऱ्या वस्तू आठवतात. आजीचा आरसा फणेरपेटीच्या झाकणात होता. झाकण उघडून तिरकं उभं केलं की आरसा, कुंकू लावून झालं की तो आडवा पडून पेटीत मिटला. पोथी लाल कापडात बांधून वरच्या फळीवर. श्रावणात गाठ सुटायची, अध्याय वाचून झाला की पुन्हा बसायची. कोकणात पिंगुळीचे चित्रकथी आपली चित्रं पोथीसारखी बांधून ठेवतात आणि कथा लागेल तसं एकेक चित्र समोर धरतात. सांगणारा गप्प झाला की चित्रंही बासनात. चेहरा, कथा, देव असं जे जे माणसाला आपल्याकडे ओढून घेतं, ते आपल्या घरांनी उघडं टाकलेलं नव्हतं. त्याला उघडण्याची वेळ होती आणि मिटण्याचीही. मिटवण्यात त्या वस्तूचा अपमान आहे असं कुणाला वाटत नव्हतं, उलट मान होता.

आमच्या जिल्ह्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, कारण इथे देवीच झोपायला जाते. तुळजापूरच्या भवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येते. भाद्रपदातल्या वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत देवी पलंगावर असते, ती घोरनिद्रा. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत पुन्हा पलंगावर, ती श्रमनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. दसऱ्याचा पलंग आणि पालखी नगर जिल्ह्यातून चालत येतात, त्यांचे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. लहानपणी आईबरोबर तुळजापूरला गेले की "देवी निद्रेला आहे" हे वाक्य इतकं सहज कानावर पडायचं, जसं काही शेजारच्या काकू दुपारच्या जरा आडव्या झाल्यात. सगळा महाराष्ट्र जिचं दर्शन घ्यायला येतो, तीही वर्षातून तीनदा डोळे मिटून पलंगावर पडते. नऊ दिवस महिषासुराशी झुंजायचं तर त्याआधी डोळे मिटायलाच हवेत, असं आजी सांगायची. मला त्यात भक्तीइतकीच माया दिसते.

भिंतीच्या पोटात जागा करण्याची या मातीची हौस जुनी आहे. अणदूरहून नळदुर्ग जवळ. पावसाळ्यात किल्ल्यातला धबधबा सुरू झाला की मामा आम्हाला घेऊन जायचे. बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातलाय, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्या बांधाच्या अंगात महाल आहे. लोक त्याला पाणीमहाल म्हणतात. बाहेरून बघाल तर नुसती काळ्या दगडाची प्रचंड भिंत आणि तिच्यावरून पडणारे नर आणि मादी हे दोन धबधबे. आत जायला पायऱ्या. खाली उतरलं की कमानदार खोली, सज्जा, आणि सज्ज्याच्या पुढे कोसळणारं पाणी. कपडे कोरडे, आवाज मात्र छाती दणाणून सोडणारा. तिथे उभं राहून पाण्यातून पलीकडची झाडं बघायची, ती हलायची, तुटायची, पुन्हा जुळायची. मी आजवर जे जे पडदे पाहिले त्यात त्या पडद्याइतकं मला कशानेच बांधून ठेवलेलं नाही. पाऊस सरला की तो बंद. मग वर्षभर तीच खोली, तोच सज्जा, समोर कोरडा दगड.

या भिंतींवरचा आमचा भरवसा 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे गेला. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. चार वाजायच्या जरा आधी जमीन हलली. भूकंपाला ज्याचं नाव पडलं ते किल्लारी लातूर जिल्ह्यातलं, पण सास्तूर, लोहारा, उमरगा हा आमचा भागही त्याच रात्री उद्ध्वस्त झाला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्यातली पुष्कळशी घराखाली सापडून गेली. ज्या जाडीने पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवलं तीच जाडी अंगावर आली. गोल दगड मातीत नुसते रचलेले, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेले, डोक्यावर मातीचं ओझं. अणदूरचं घर पडलं नाही, पण माजघराच्या भिंतीला फडताळाच्या कोपऱ्यातून वरपर्यंत चीर गेली. मामा, मामी, पोरं कितीतरी महिने अंगणात पत्र्याखाली झोपत होती. टीव्ही पहिल्यांदा फडताळातून बाहेर आला तो तेव्हा. लाकडी पेटीवर, उघड्यावर, बातम्या लावून. रात्री कुणालाच झोप यायची नाही आणि तो चालूच असायचा.

पुढे दोन-तीन वर्षांनी घर उतरवलं. नव्या घराच्या भिंती विटांच्या, नऊ इंची, आतल्या तर चारच इंची. वर स्लॅब, कोपऱ्यांना कॉलम. असं घर हलेल पण कोसळणार नाही, असं इंजिनिअरने सांगितलं, आणि माणसं त्यात निर्धास्त झोपू लागली. याहून मोठी गोष्ट घराकडून मागायची नसते. पण फडताळ कुठे करायचं? चार इंचांत बळद बसत नाही. भिंतीच्या पोटात जे होतं ते सगळं खोलीत आलं. कपाट आलं, शोकेस आली, टेबल आलं, आणि टीव्ही शोकेसच्या मधल्या खणात सगळ्यांकडे तोंड करून बसला. काही वर्षांनी त्याचा फुगवटाही गेला. तो इतका सपाट झाला की भिंतीलाच टांगता येऊ लागला, आणि टांगल्यावर त्याला मिटवायचा प्रश्न कुणी काढला नाही.

आता तो निघाला आहे. झाकण्याची ही ओढ काही आपल्यापुरतीच नाही. अमेरिकेत टीव्ही नवा होता तेव्हाही तो दार असलेल्या लाकडी कपाटात बसवून मिळायचा. 2017 मध्ये सॅमसंगने एक टीव्ही काढला, तो बंद असताना त्यावर एखादं चित्र दिसत राहतं आणि भोवती लाकडासारखी चौकट असते. पाहणाऱ्याला वाटावं, तसबीर टांगली आहे. युक्ती चांगली, पण माझं मन तिथे रमत नाही. तो टीव्ही मिटत नाही, फक्त वेष पालटतो. भाचीची सरकती भिंत मला त्याहून जवळची वाटली, कारण तिला हात लावावा लागतो. कुणीतरी उठून म्हणावं लागतं, चला, आता उघडू या. आणि तसंच कुणीतरी उठून ती लोटावीही लागते.

हीच गोष्ट काही गावांनी मिळून करून पाहिली आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी 7 ला भोंगा वाजवायला सुरुवात केली. दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. आमच्या उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही तेच धरलं, तिथे वेळ 6 ते 8 ची. ते वाचून मला एकदम दिवेलागण आठवली. आजी देवळीत दिवा लावायची तेव्हा फडताळ बंद असलंच पाहिजे, हा तिचा नियम होता. मामा बातम्यांसाठी कितीही घाईत असोत, ती हातात काडेपेटी घेऊन शांतपणे उभी राहायची आणि मामांनी कडी घातल्यावरच काडी ओढायची. एका घरात जे आजीने केलं ते करायला आता सगळ्या गावाला भोंगा लावावा लागतो, कारण निम्मे पडदे भिंतीवर नाहीतच, ते खिशात आहेत. तरीही एखादं गाव ते करतं, ठरल्या वेळी अंगणात पोरं पुस्तकं घेऊन बसतात, याचा मला फार आधार वाटतो.

एवढं लिहून झालं की मला मामी आठवते, आणि तिला वगळून हे लिहिणं खरं होणार नाही. फडताळाच्या त्या कडीला कुलूपही होतं. किल्ली आजीच्या कनवटीला. दुपारी आजी झोपली की मामी ती हळूच काढून घ्यायची, आवाज पूर्ण बंद करून टीव्ही लावायची आणि एक पल्ला किंचित उघडा ठेवून त्या फटीतून बघायची. काय लागलंय याला महत्त्व नसायचं. ढेळजेत कुणाचं पाऊल वाजलं की पल्ला लोटायची, आणि टीव्ही आत चालूच राहायचा. मी एकदा अशा वेळी माजघरात आले. अंधारात त्या बंद दारावरचं कमळ आणि चारही स्वस्तिकं निळ्या उजेडाने लुकलुकत होती आणि मामी त्यांच्यापुढे तांदूळ निवडत बसली होती. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी कुणाला सांगितलं नाही. मिटवण्याचा मान मी वर लिहिला, पण मिटवायचं कधी हे त्या घरात मामीला कधी कुणी विचारलं नव्हतं. आता तिच्या घरात टीव्ही समोरच्या भिंतीवर आहे, सकाळच्या चहापासून रात्री अंथरूण पडेपर्यंत चालू असतो, आणि रिमोट तिच्या उशाशी. ती सगळ्या वेळेस बघतेच असं नाही. कधी पाठ करून भाकरी थापते. पण बंद करू का विचारलं तर म्हणते, "राहू दे, सोबत आहे."

भाचीच्या घरून परतल्यावर आईच्या मनाने घेतलं की आपल्याही हॉलमध्ये तसंच काहीतरी करावं. मिस्त्रीला बोलावलं. त्याने टेप लावली, टीव्ही 43 इंची, भिंत जेमतेम 9 फूट, मध्ये खिडकी, मग म्हणाला, "काकू, सरकवायला जागा नाही इथं. दोन पल्ल्यांची दारं करू, बाहेर उघडणारी." आई खूश झाली. तिने त्याला सागाचे पल्ले आणि त्यावर भोकांचं कमळ कसं असतं ते कागदावर काढून दाखवलं. नेमकी मामी त्या दिवशी तुळजापूरहून परतताना आमच्याकडे उतरली होती. तिने चष्मा लावून कागद बघितला, पेन मागून घेतलं आणि कडीच्या जागी काट मारली. "हिथं नुसती मूठ बसव," ती मिस्त्रीला म्हणाली. आई म्हणाली, "वन्स नाही का मी, माझ्या घरात तरी माझं ऐक." मामी म्हणाली, "ऐकतीय की. दार कर, कमळ कर, काय करायचंय ते कर. पण कडी कशाला?" मिस्त्री एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे, आणि मला विचारत होता, "ताई, मंग काय लिहू, कडी का मूठ?" चहा झाला, दुसरा झाला, दोघींचं अजून चालूच होतं.